हात थांबला की बुडाला लागतं

सोजरमावशी दुकानात आली की मला आधी काउंटरच्या काचेची काळजी लागायची. पुढ्यात उभी राहून ती बोलायला लागली की उजव्या हाताचं मधलं बोट काचेवर गोल गोल फिरायचं. बोटात लोखंडी अंगठी. खर्र, खर्र, खर्र. माझं टाळकं सरकायचं. "मावशी, काच आहे ती, कढई नाही," असं मी म्हटलं की हात मागं घेऊन पदरात गुंडाळायची, आणि पुढच्या वाक्याला हात परत काचेवर. त्या काचेवर ताटलीएवढा गोल ओरखडा पडलाय. नवी काच बसवायला माणूस आला होता गेल्या महिन्यात. त्याला मी चहा पाजून परत पाठवला.

ईट गावात स्टँडजवळ माझं औषधाचं दुकान आहे आणि रस्त्याच्या पलीकडं तिची खव्याची भट्टी. माझं नाव तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण इतक्या वर्षांत एकदाही तिच्या तोंडून ते निघालं नाही. "ए मेडिकल!" बस्स. रस्त्याच्या पलीकडून हाक आली की स्टँडवरची निम्मी माणसं माझ्याकडं बघायची. "ए मेडिकल, पोळलंय, मलम धाडून दे." मी मलम घेऊन धावत जायचो, आणि गेलं की शिव्या खायचो, कारण मी दारात उभा राहिलो तर तिचा उजेड अडायचा.

भट्टी म्हणजे पत्र्याचं शेड, चुलाणावर भली मोठी लोखंडी कढई, आणि लांब दांड्याचं उलथनं. आमच्याकडं गावोगाव खवा होतो, तो तुळजापूरला पेढ्याला जातो, त्यात नवल काही नाही. नवल होतं ते सोजरमावशीच्या हाताचं. म्हशीचं दूध कढईत पडल्यापासून खवा परातीत निघेपर्यंत उलथनं तिच्या हातात. लाकूड मिलिंदनं लावायचं, म्हणजे तिच्या पोरानं. परात सुजातानं पुढं करायची, म्हणजे सुनेनं. उलथन्याला मात्र दोघांपैकी कुणी हात लावायचा नाही. एकदा सुजातानं नुसतं बाजूला ठेवायला म्हणून उचललं, तर मावशी म्हणाली, "ठिव. माझ्या माघारी घे." तिचा सगळा धर्म एका वाक्यात होता, आणि ते वाक्य ती लग्नातल्या नवरीपासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांना ऐकवायची: "हात थांबला की बुडाला लागतं."

त्यामुळं तिचा हात थांबायचाच नाही. पंगतीत बसली तर वरणाच्या भांड्यापर्यंत जाऊन ढवळून यायची. विहारात वंदनेला सगळे डोळे मिटून बसलेले आणि हिचा हात मांडीवर फिरतोय. भंतेजी एकदा म्हणाले, "सोजरबाई, मन स्थिर करा." ही म्हणाली, "मन हाय की स्थिर, भंतेजी. हाताला सांगा तुमी." भंतेजींना हसू आवरेना, वंदना पहिल्यापासून घ्यावी लागली.

तुळजापूरचा एक पेढेवाला तिच्याकडून खवा न्यायचा. म्हातारा माणूस, जुन्या वळणाचा. खवा चाखून बघायचा, तोंडभर वाखाणायचा, पण तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला की "आत्ताच पिऊन आलो" म्हणायचा. दर खेपेला आत्ताच पिऊन आलेला. एका उन्हाळ्यात मी तिथंच उभा होतो. मावशी ढवळता ढवळता म्हणाली, "मालक, ह्या दुधात निम्म्याहून जास्त पाणीच असतंय. म्या ते माझ्या हातानं आटवते. आटवलेलं चालतंय, आन् तांब्यातलं चालत न्हाय, आसं कसं वो?" आवाज चढलेला नाही, हात थांबलेला नाही. म्हातारा घामाघूम. त्यानं तांब्या उचलला आणि घटाघटा प्याला. तो गेल्यावर मी म्हटलं, "जिरवली की हो मावशी." तर मलाच म्हणाली, "जिरवायची कशाला? तहान लागली होती त्याला. कवाधरनं बघायलेय म्या."

आणि कान! दुधाकडं न बघता तिला दूध कळायचं. पातळ असतं तेव्हा ते बुडबुडतं, घट्ट व्हायला लागलं की फटफट करतं, आणि मग एक क्षण असा येतो की आवाज बसतो. तो क्षण धरायचा आणि कढई उतरवायची. जरा आधी उतरवली तर खवा ओला, जरा उशीर झाला तर तांबूस. एकदा ती माझ्या दुकानात उभी होती, दूध नुकतंच चढलेलं, उकळी यायची होती म्हणून पोराला पाच मिनिटं नुसतं राखणीला बसवून. रस्त्यावर जीपचा भोंगा, वरातीचा बँजो, काय नुसता कालवा. ही बोलता बोलता थांबली, म्हणाली, "बाभळीचं घातलं गाढवानं, जाळ चढला," आणि चप्पल तिथंच टाकून पळाली. मी मागनं जाऊन बघितलं. खरंच, बाभळीचंच लाकूड होतं.

दोन वर्षांपूर्वी तिचे पाय सुजायला लागले. मग पोट. मी कटकट करून करून तिला धाराशिवला मोठ्या डॉक्टरांकडं धाडलं. मिलिंदच्या वेळच्या बाळंतपणात तिला रक्त चढवलं होतं, तेव्हाची कावीळ आत मुरत राहिली असावी, असा डॉक्टरांचा अंदाज. लिव्हर सुकलेलं. आयुष्यात दारूचा थेंब नाही, आणि गावातली चार टवाळ माणसं "लिव्हर" म्हटल्यावर एकमेकांकडं बघून हसली. मला इतका संताप आला की त्यातल्या एकाला मी उधारीवर औषध द्यायचं बंद केलं.

डॉक्टरांनी एक गोड सिरप लिहून दिलं आणि निक्षून सांगितलं, की दिवसातून दोनतीनदा पोट साफ झालंच पाहिजे. तसं झालं नाही तर डोक्यावर परिणाम होईल. मावशी चिठ्ठी घेऊन आली ती तणतणतच.

"मेडिकल, हे पोट चालवायचं आवशद हाय व्हय?"

"पोट चालवायचं नाही, डोकं चालवायचं आहे."

"डोक्याचा आन् पोटाचा काय संबंध?"

मला शिकवायची खोड आहे. म्हटलं, "सकाळी गोठ्याचं दार उघडल्यावर डोळ्यांत काय झोंबतं? तो अमोनिया. तसलाच आपल्या आतड्यातपण तयार होतो, खाल्लेल्या अन्नातनं. लिव्हर त्याची रोज वासलात लावतं. तुमचं लिव्हर थकलंय, म्हणून तो रक्तातनं वर डोक्यात जातो."

"म्हंजी डोक्यात गोठा झाला म्हण की."

"तसंच समजा. आणि हे सिरप तो खालीच अडवून बाहेर काढतं."

"शेण काढतंय." ती हसली, पण हात काचेवर जोरात फिरायला लागला. "आरं पण कढई चढल्यावर म्या दिवसातनं तीनदा कुठं जाऊ? हात थांबला की..."

"उलथनं सुजाताकडं द्यायचं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी विषय बदलला. आणि इथं मी माती खाल्ली. तिला बरं वाटावं म्हणून, आणि आपली हुशारी दाखवावी म्हणूनही, मी म्हटलं, "आणि गंमत बघा मावशी, हे सिरप दुधातल्या साखरेपासनंच बनवतात!"

वाक्य तेवढंच नव्हतं. दुधातली साखर आपल्या पोटात वरच्या वरच पचते; कारखान्यात तिचा घाट बदलतात, म्हणून ती न पचता खालपर्यंत पोचते आणि काम करते. पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. मावशी बाटली घेऊन गेली. तिच्या डोक्यात काय घुसलं ते मला कळलंच नाही.

नवरात्र जवळ आलं. त्या दिवसांत तुळजापूरला खवा कितीही न्या, कमीच. कढई उतरली की दुसरी चढायची. मावशीनं हिशोब सोपा केला. दुधाचीच साखर ना? मग दूध तर आपल्या घरचं. तिनं सिरप फडताळात ठेवून दिलं आणि सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध प्यायला लागली. वर कढईची खरवड खायची. पोट काही साफ होईना, पण तिला ती सोयच वाटली, कढई सोडावी लागत नव्हती. पंधरा दिवसांत ती बाटली न्यायला आली नाही हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं. नवरात्रात माझ्याही दुकानात गर्दी, आणि खरं सांगायचं तर काच वाचली म्हणून मी खूश होतो.

मग मिलिंद आला. "काका, आई झोपतच न्हाय. रातभर भांडी घासती, म्हशी उठवती. दिवसा बसल्या बसल्या झापडती आन् बोललं की खेकसती. झोपेचं कायतरी द्या."

मी विचारायला हवं होतं, सिरप चालू आहे का. मी विचारलं, "ऑर्डरीचा ताण आहे ना?" तो व्हय म्हणाला. मी चिठ्ठीबिठ्ठी काही न मागता झोपेच्या दोन गोळ्या कागदात गुंडाळून दिल्या. ओळखीचं घर, म्हातारं माणूस, दोन दिवस झोपेल बिचारी. इतकं साधं होतं ते. अजून तो कागद गुंडाळणारा माझा हात मला दिसतो आणि थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मला करपल्याचा वास आला. आधी वाटलं हॉटेलातून. मग वास खमंग झाला, मग कडू. इतक्या वर्षांत त्या भट्टीतून तसला वास कधी आला नव्हता. मी दुकान उघडं टाकून पळालो. शेडमध्ये धूर. मिलिंद दूध आणायला गेलेला, सुजाता मागं म्हशींपाशी. कढईपाशी मावशी उभी, दोन्ही हातांत उलथनं, डोळे उघडे, नजर कढईत. कढईत काळं होत चाललेलं. आणि उलथनं जागच्या जागी थांबलेलं.

"मावशी!"

तिनं मान वळवली, अगदी सावकाश. जीभ जड झालेली. म्हणाली, "ओरडायलास कशाला? ढवळायलेय की म्या."

सुजाता धावत आली. आम्ही दोघांनी कढई उतरवली. मावशीच्या मुठीतून उलथनं सुटेना, एकेक बोट उचलून काढावं लागलं. ती नुसती बघत होती.

मिलिंदला वाटेतनं घेऊन आम्ही जीपनं धाराशिव गाठलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, दोन्ही हात पुढं करा, पंजे वर, रस्त्यात गाडी थांबवतात तसे." तिनं केले. पंजे फडफडले. सुपात धान्य पाखडताना मनगट हलतं तसे, पण तिच्या मनाविरुद्ध. तो हात, जो भंतेजींनी सांगून थांबला नव्हता, तो आता धरून ठेव म्हटलं तर धरता येईना. डॉक्टरांनी मिलिंदला विचारलं, "झोपेचं काही दिलंय का?" मिलिंद खाली बघायला लागला. मला वाचवायला बघत होता तो! मी म्हटलं, "मी दिलंय डॉक्टर. माझं औषधाचं दुकान आहे." डॉक्टरांनी मला जे झापलं ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं. बरं झालं.

नंतर त्यांनीच शांतपणे समजावलं, आणि घरी येऊन मी वाचलंही. मेंदूत एक पेशी दुसरीला निरोप देते. काही निरोप म्हणतात "चल", काही म्हणतात "थांब". माणूस धड राहायला दोन्ही लागतात. अमोनिया चढला की इतरही घोटाळे होतात, पण त्यातला मोठा हा, की "थांब" म्हणणाऱ्यांचा जोर वाढतो. झोप उलटीपालटी होते, चिडचिड वाढते, बघणाऱ्याला वाटतं माणूस खवळलाय. आत मात्र एकेक गोष्ट थांबत चाललेली असते. आणि झोपेची गोळी नेमकी त्याच "थांब"ला आणखी बळ देते. म्हणजे जिनं जन्मभर हात थांबू दिला नाही, तिला "थांब" म्हणणारी पुडी मी माझ्या हातानं बांधून दिली होती.

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. पहिलं वाक्य, "कढई कुणी उतरवली?"

"म्या, आत्या," सुजाता म्हणाली.

"उशिरा उतरवलीस," मावशी म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून रडली. मी तिला रडताना तेवढंच एकदा बघितलं.

गावी आल्यावर सिरप रोज सुरू झालं. सुजाता स्वतः पाजायची. आणि पोटासाठी उठावं लागलं की मावशी उलथनं सुनेच्या हातात द्यायची. पहिले काही दिवस जाताना तीनदा मागं वळून बघायची, लांबनं ओरडायची, "कडंनी! कडंनी घे, सुजे!" मग ओरडणं कमी झालं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज त्यांच्याकडून काहीतरी करून घेत जा, सही करायला लावा, चांदणी काढायला लावा. चुकायला लागल्या की समजा डोक्यात चढतंय, लगेच घेऊन या. मावशीला चांदणी कधीच काढता आली नव्हती. मग सुजातानं स्वतःची परीक्षा काढली. सकाळची पहिली कढई ती स्वतः ढवळायची, मावशीला कढईकडं पाठ करून खाटेवर बसवायची आणि म्हणायची, "आत्या, कवा उतरवू ते सांगा." मावशीनं नेमक्या वेळी "उतरव" म्हटलं की दिवस चांगला. मावशीला हे कळत होतं. मला म्हणाली, "सून रोज परीक्षा घ्यायलीय माझी. आन् म्या रोज पास."

एकदा ती बाटली न्यायला आली तेव्हा मी धीर केला. म्हटलं, "मावशी, ती गोळी मी दिली होती. आणि दुधाच्या साखरेचं अर्धवट मीच सांगितलं होतं."

हात काचेवर फिरत होता. "ठावं हाय मला. मिलिंदनं सांगितलंय."

"मग बोलला का नाहीत? शिव्या तरी द्यायच्या."

"शिव्या देऊन करपलेलं पांढरं व्हतंय व्हय?" मग अंगठी थांबवून माझ्याकडं नीट बघितलं. "पुढच्याला देऊ नको. आन् सांगायचं तर पुरतं सांगत जा, गिऱ्हाईक थांबंल." तेव्हापासून चिठ्ठीशिवाय मी झोपेची गोळी कुणाला दिलेली नाही, सख्ख्या भावाला नाही. आणि औषध समजावताना मागं रांग लागली तरी वाक्य पुरं करतो. लोक वैतागतात. वैतागू देत.

असं वर्षभर चाललं. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी मी शटर वर केलं आणि रोजच्यासारखा पलीकडं गेलो. सुजाता ढवळत होती, मावशी पाठ करून खाटेवर, अंगावर शाल. कढई फटफट करत होती. मग आवाज बसायला लागला. माझ्यासारख्या अडाण्यालाही एव्हाना तो कळायला लागला होता. सुजातानं मावशीच्या पाठीकडं बघितलं. मावशी गप्प. आवाज पुरता बसला. सुजातानं माझ्याकडं बघितलं, ओठ चावला, आणि मिलिंदला खूण केली. दोघांनी कढई उतरवली, आवाज न करता. तिनं खवा परातीत काढला, उलथनं निपटलं, दोघांनी दुसरी कढई चढवली.

आणि मग मावशी म्हणाली, "उतरव."

सुजातानं डोळे पुसले आणि म्हणाली, "उतरवली, आत्या."

मावशीनं सावकाश वळून परात बघितली, खवा बघितला, चिमूटभर उचलून जिभेवर ठेवला. "चांगला झालाय," म्हणाली. मग माझ्याकडं तोंड करून दोन्ही हात पुढं केले, पंजे वर, डॉक्टरांनी सांगितलेले तसे. मी काही म्हणायच्या आधीच. पंजे फडफडत होते.

"बघ मेडिकल," ती जड जिभेनं म्हणाली, "नापास झाले आज. सिरप चुकवलं न्हाय रं म्या, विचार सुजीला."

"चुकवलं न्हाय, काका," सुजाता म्हणाली. "एक दिवसबी न्हाय."

मिलिंद जीप आणायला पळाला. सुजाता तिच्याबरोबर निघाली तर मावशीनं तिला खांद्यानं मागं ढकललं. "दुसरी कढई चढवलीस न्हवं? मग कुठं चाललीस? हात थांबला की..." पुढचं तिला आठवेना. ती शोधत राहिली. सुजाता रडत रडत कढईपाशी गेली आणि उलथनं हातात घेतलं.

मी आणि मिलिंदनं मावशीला मागच्या सीटवर खिडकीशी बसवलं. मिलिंद पुढं चढला, मी दार लावलं आणि बाहेर उभा राहिलो. तिचा उजवा हात काचेला टेकलेला होता, नुसता, गप. जीपनं वळण घेतलं तेव्हा ते बोट हललं. एकदा, मग थांबून परत एकदा, अंगठी काचेवरून सावकाश गोल फिरली. कडंनी, नीट. जीप स्टँडच्या पुढं जाईपर्यंत ते बोट मला दिसत होतं, आणि पाठीमागं शेडमध्ये सुजाताचं उलथनं चालू होतं.